न भेटलेल्यांचं सुतक

२२ फेब्रुवारी २००९ रोजी डॉ. लक्ष्मण देशपांडे गेले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग तोवर मराठवाडी बोलीची ओळखच होऊन बसला होता. मंचावर एकटा माणूस, बावन्न पात्रं, आणि गिनीज बुकातली नोंद. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना दुःख झालं, याचं नवल कुणाला वाटलं नाही. पण ज्यांनी त्यांना नुसतं कॅसेटवर ऐकलं होतं, तेही म्हणत होते, ‘घरचं माणूस गेल्यासारखं वाटतंय.’ लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा हेच वाक्य ऐकू आलं होतं, लता मंगेशकर गेल्या तेव्हा पुन्हा ऐकू आलं.

हे वाक्य भावनेच्या भरात निघून गेलेलं असतं, की ते जे सांगतं ते खरंच घडलेलं असतं? ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याला आपलं नावही ठाऊक नव्हतं, त्याच्या जाण्यानं घशात आवंढा का यावा? मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि माध्यमांचा अभ्यास या तिन्हींत यावर सत्तर वर्षं चर्चा चालू आहे. तिचा हा आढावा. छत्रपती संभाजीनगरात बसून तो घेताना एक गोष्ट सारखी जाणवत राहते. या चर्चेतले सिद्धांत जिथे जन्मले, तिथली उदाहरणं एका प्रकारची आहेत आणि आपली थोडी वेगळी.

सुतकाची हद्द

शोक किती आणि कुणी करायचा याचं मोजमाप आपल्याकडे जुनं आहे. सपिंडांना दहा दिवस सुतक, त्यापलीकडच्या भावकीला तीन. नातं लांबलं की दिवस कमी. या कोष्टकाकडे पाहिलं की वाटतं, शोक रक्ताच्या वाटेनंच चालतो. पण त्याच कोष्टकात एक अपवाद आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की ज्याच्या राज्यात आपण राहतो तो राजा वारला, तर उजेड असेपर्यंत अशौच पाळावं. राजाला भेटलेलं असण्याची अट नाही. न भेटलेल्याचं सुतक जुन्या व्यवस्थेलाही माहीत होतं. मात्र तिनं सांगितलं ते कर्तव्य. मनाला काय वाटतं, याची तिनं चौकशी केली नाही. कर्तव्य आणि भावना यांतला हा फरक पुढे आधुनिक वादातही पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

मराठवाड्यात याखेरीज आणखी एक परंपरा आहे. ती म्हणजे फार पूर्वी गेलेल्या माणसाचा दिवस दरवर्षी पाळण्याची. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. एकनाथांनी १५९९ मध्ये गोदावरीत जलसमाधी घेतली असं परंपरा सांगते, आणि फाल्गुन वद्य षष्ठीला आजही दिंड्या तिथे येतात. दुसऱ्या बाजूला खुलताबाद. बुऱ्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी, जर जरी जर बक्ष अशा चिश्ती संतांचे दर्गे तिथे आहेत आणि त्यांचा उरूस भरतो. उरूस या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. संत परमेश्वराला भेटला तो दिवस, म्हणून मृत्यूचाच दिवस मंगल. याच्या अगदी उलट मोहरम. ६८० मध्ये करबल्यात मारल्या गेलेल्या इमाम हुसेन यांच्यासाठी आजही माणसं रडतात, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत सवाऱ्यांच्या मागे हिंदूही चालतात.

तेव्हा ‘न भेटलेल्यासाठी माणूस का रडतो’ हा प्रश्न पैठण-खुलताबादच्या वाटेवर कुणाला विचारला, तर त्याला प्रश्नच कळायचा नाही. तो प्रश्न वाटायला लागला तो माध्यमांमुळे.

छापील ओळख

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात वारले. अंत्ययात्रेत लोटलेल्या लाखोंपैकी बहुतेकांनी त्यांना जवळून पाहिलेलं नव्हतं, वाचलेलं मात्र होतं, किंवा कुणीतरी वाचून दाखवताना ऐकलेलं होतं. ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता. एकच अग्रलेख एकाच आठवड्यात शेकडो गावांत वाचला जातो आणि वाचणाऱ्याला कळतं की आपल्यासारखे आणखी कितीजण हेच वाचताहेत. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये राष्ट्राला ‘कल्पिलेला समाज’ म्हटलं, ते याच छापील सोबतीच्या आधारावर. टिळकांच्या मृत्यूवर रडणारा वाचक त्या सोबतीतल्या मध्यवर्ती माणसासाठी रडत होता.

मग बोलपट आले, आकाशवाणी आली, २ ऑक्टोबर १९७२ पासून मुंबई दूरदर्शन. छापील शब्दाला चेहरा आला, आवाज आला. आवाजाचं सामर्थ्य विशेष, कारण तो स्वयंपाकघरात, शेतावर, आजारपणाच्या उशाशी, कुठेही येऊन बसतो.

मराठीत या काळात मृत्युलेख हा स्वतंत्र वाङ्मयप्रकारच घडला. आचार्य अत्र्यांनी लिहिलेले मृत्युलेख लोक कापून ठेवत. न भेटलेल्या माणसाबद्दल काय वाटून घ्यायचं आणि ते कोणत्या शब्दांत, हे पुष्कळ मराठी वाचक त्या लेखांतून शिकले. शोकसभा हीही तशीच एक शाळा. शोक आतून येतो हे खरं, पण त्याची भाषा बाहेरून मिळते. या मुद्द्याकडे अभ्यासकांचं लक्ष फार कमी गेलं आहे.

एकतर्फी ओळख

आजच्या चर्चेचा पाया १९५६ मध्ये घातला गेला. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ‘सायकियाट्री’ नावाच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. दूरचित्रवाणीवरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो, मध्येच थांबतो, जणू समोरच्याचं उत्तर ऐकतोय. पाहणाऱ्यालाही वाटू लागतं की हा माझ्याशीच बोलतोय. रोज ठरल्या वेळेला भेटणारा, कधी न चिडणारा, ओळखीचा माणूस. या नात्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ म्हटलं. मराठीत ‘एकतर्फी सहवास’ म्हणता येईल.

त्यांच्या निबंधात दोन सूर होते. हे नातं सामान्य माणसाच्या रोजच्या आयुष्याचा एक भाग आहे हे त्यांनी मान्य केलं, पण एकाकी माणूस खऱ्या नात्यांऐवजी यातच अडकून पडेल अशी काळजीही व्यक्त केली. पुढची कितीतरी वर्षं लोकांना ही काळजीच लक्षात राहिली, आणि पडद्यावरच्या माणसासाठी रडणारा म्हणजे एकटा, रिकामा माणूस हे समीकरण रूढ झालं.

ते समीकरण तपासलं तेव्हा टिकलं नाही. ॲलन रुबिन, एलिझाबेथ पर्स आणि रॉबर्ट पॉवेल यांनी १९८५ मध्ये बातम्यांच्या निवेदकांशी प्रेक्षकांचं नातं मोजलं. एकाकीपणा आणि हे नातं यांचा अपेक्षित संबंध त्यांना आढळला नाही. इस्रायलमधल्या जोनाथन कोहेन यांनी २००४ मध्ये विचारलं, आवडतं पात्र मालिकेतून गेलं तर काय वाटेल? ज्यांना खऱ्या नात्यांत ‘हा मला सोडून जाईल’ ही धास्ती असते, त्यांनाच इथेही जास्त त्रास होण्याची अपेक्षा होती. निष्कर्ष साधारण याच दिशेनं निघाले. एकतर्फी सहवास हा खऱ्या नात्याचा पर्याय म्हणून न येता खरी नाती जोडण्याच्या त्याच क्षमतेतून येतो, असा कल त्यानंतर बळावला. जो माणसांत रमतो तो पडद्यावरच्या माणसांतही रमतो.

आपल्या रसशास्त्रानं याच गोष्टीचा एक धागा फार आधी पकडला होता. भरतानं करुण रसाचा स्थायिभाव शोक सांगितला. भट्टनायकानं साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरचं दुःख ना पात्राचं राहतं ना प्रेक्षकाचं, ते सगळ्यांचं होतं आणि म्हणून आस्वाद्य होतं. न भेटलेल्याशी भावनेनं एकरूप होण्याचं हे स्पष्टीकरण मला आजही पुष्कळ आधुनिक मांडण्यांपेक्षा सूक्ष्म वाटतं. मात्र ते एका ठिकाणी थांबतं. नाटकात मेलेलं पात्र पडदा पडल्यावर उठून बसतं, आणि ते उठणार आहे हे ठाऊक असल्यामुळेच रडण्यातही सुख असतं. नटच गेला की ती हमी जाते. ‘वऱ्हाड’ पुढे संदीप पाठक करू लागले, प्रयोग रंगतात, प्रेक्षक पोट धरून हसतात. तरीही ज्यांनी देशपांड्यांना ऐकलंय त्यांच्या कानात मूळ आवाज मागून चालूच असतो. हे काय आहे याला रसशास्त्रात नाव नाही.

स्वतःसाठीचे अश्रू

दुसरी मांडणी म्हणते, आपण रडतो ते गेलेल्यासाठी कमी, स्वतःच्या गेलेल्या दिवसांसाठी जास्त. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी ब्याण्णवाव्या वर्षी गेल्या. हा मृत्यू अकाली म्हणता येत नव्हता. रेकॉर्ड तशाच होत्या, आवाज जसाच्या तसा कालही होता आणि उद्याही राहणार होता. मग गेलं काय? या मांडणीचं उत्तर असं की तो आवाज ज्या स्वयंपाकघरात ऐकला ते स्वयंपाकघर, ती आई, ती सकाळ हे सगळं कधीचं गेलेलं होतं. गाणारी होती तोवर ते पुरतं गेलं असं वाटत नव्हतं.

स्मिता पाटील यांचं उदाहरण जरा निराळं. १३ डिसेंबर १९८६ रोजी त्या गेल्या तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांच्या होत्या. ‘उंबरठा’ १९८२ चा. घर सोडून आपल्या कामाच्या शोधात निघालेली बाई ज्यांनी त्या चित्रपटात पाहिली, त्यांतल्या कितींना तरी आपल्या मनातली, बोलून न दाखवलेली शक्यता पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. अशा प्रेक्षकासाठी ती अभिनेत्री म्हणजे होऊ घातलेल्या आयुष्याची खूण. इथे भूतकाळाबरोबर भविष्याचाही शोक असतो.

फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोकाचं काम सांगितलं ते गेलेल्यातून मन हळूहळू सोडवून घेण्याचं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात याच्या उलट बाजू आली. माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात, आणि त्यात काही विकृत नाही. वर्षश्राद्ध घालणाऱ्या, तसबिरीला हार घालणाऱ्या आपल्या घरांना हा शोध नवा वाटणार नाही. पण कलावंतांच्या बाबतीत तो फार लागू पडतो, कारण तिथलं नातं मुळातच ध्वनिमुद्रणावर आणि तसबिरीवर उभं असतं. मृत्यूनंतर सहवासाचं साधन बदलत नाही.

याला जोडून केनेथ डोका यांची १९८९ मधली कल्पना येते. ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही, रजा देत नाही, सांत्वनाला येत नाही, तो शोक आत कुजतो. आवडत्या गायिकेच्या मृत्यूनं हललेली मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर काय सांगणार? ‘तुझं कोण लागत होतं?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं.

समूहाचं रडणं, आणि त्यावरचे आक्षेप

एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये मांडलं होतं की शोकविधी हा एकट्याच्या दुःखाचा आपसूक उद्गार नसतो. समूहातलं एक माणूस गेलं की समूह खचतो, आणि एकत्र रडून स्वतःला पुन्हा बांधतो. या दृष्टीनं पाहिलं तर गेलेल्याला आपण भेटलो होतो का हा प्रश्न गौण. शेजारी उभा असलेला कोण हे महत्त्वाचं. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले. केंद्रात मंत्री होऊन त्यांना आठ-नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी परळीत लोटलेल्या गर्दीचं दुःख ‘मराठवाडा पोरका झाला’ या शब्दांत बोललं गेलं. त्याच्या दोन वर्षं आधी विलासराव देशमुख गेले तेव्हाही तोच शब्द होता. पोरका हा शब्द नात्याचा आहे, आणि तो एका माणसाला न लावता प्रदेशाला लावलेला आहे. सत्तेच्या केंद्रापासून लांब राहिलेल्या भागाला आपलं तिथे कुणीतरी असल्याचा जो आधार असतो, तो त्या दिवशी सुटला होता. परळीत शोकाबरोबर संतापही होता, चौकशीची मागणी होती. पुढे सीबीआयनं तपास करून तो अपघातच असल्याचा निष्कर्ष काढला, पण संशय ही मोठ्या सामूहिक शोकाची नेहमीची सोबत आहे. एवढी मोठी हानी इतक्या क्षुल्लक कारणानं झाली, हे मन मानत नाही.

शोकाला समूहाची सक्ती चिकटू शकते, हा दुर्खीम यांच्या मांडणीचा दुसरा भाग. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. शिवाजी पार्कवर लोटलेल्या जनसागराच्या दुःखाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. संभाजीनगरातही ते दुःख घराघरांत होतं. त्याच वेळी त्यांच्या निधनानंतर पाळलेल्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पुढे ते प्रकरण बंद झालं, आणि त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरवलं. एकाच शोकाच्या या दोन बाजू आहेत. लाखो लोक मनापासून रडू शकतात, आणि न रडणाऱ्याची त्याच वेळी अडचणही होऊ शकते.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा आणखी पुढचा आहे. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी डायना पॅरिसमध्ये गेली आणि लंडनच्या राजवाड्यांसमोर फुलांचे ढीग पडले. टोनी वॉल्टर यांनी १९९९ मध्ये त्यावर अभ्यासग्रंथ संपादित केला. पॅट्रिक वेस्ट यांनी २००४ मध्ये मात्र या सगळ्याला दिखाऊ करुणा ठरवलं. त्यांच्या मते ही माणसं दुसऱ्यासाठी रडतच नव्हती, आपण किती हळवे आहोत हे जगाला दाखवत होती, आणि असल्या दुःखात कृती काहीच नसते. हल्ली आपल्याकडेही बातमी आल्यापासून दोन मिनिटांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकण्याची जी चढाओढ लागते, ती पाहिली की आक्षेप अगदीच निराधार वाटत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले रुग्णालयात असताना, हयात असताना, त्यांना श्रद्धांजल्या वाहिल्या गेल्या. कुटुंबीयांना खुलासा करावा लागला. ते गेले २६ तारखेला.

या आक्षेपाला दोन उत्तरं दिली जातात. एक पुराव्याचं. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले, त्यांचे डोळे दान केले गेले आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानासाठी पुढे येणाऱ्यांची रीघ लागली. शोकातून कृती होत नाही असं सरसकट म्हणता येत नाही. दुसरं उत्तर मराठीतच दडलेलं आहे. आपल्याकडे एक शब्द नाही, पूर्ण उतरंड आहे. लांबच्याबद्दल हळहळ वाटते. भेटायचं राहून गेलं तर चुटपुट लागते. आठवण अधूनमधून येत राहिली तर हुरहूर. शोक त्याच्या वर, आणि घरातलं गेलं तर आक्रोश. कुणी हळहळ वाटली असं म्हटलं तर त्याला ‘तुझं कोण होतं?’ म्हणून कुणी हटकत नाही. वाद पेटतो तो इंग्रजीत या सगळ्यांना एकाच शब्दात कोंबल्यामुळे. हळहळीला शोक म्हणून तपासलं तर ती खोटी ठरणारच. पण लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा ज्यांना नुसती हळहळ वाटली त्यांचीही हळहळ खरीच होती.

ऋण

हॉर्टन आणि वोल यांचा निबंध आला त्याच वर्षी, ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत गेले. विमानानं त्यांना मुंबईत आणलं गेलं. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच, त्या चितेच्या साक्षीनं, हजारो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जगात कुठे सामूहिक शोकाचा शेवट इतक्या थेट निर्णयात झाला असेल, तर मला तरी तसं दुसरं उदाहरण आठवत नाही.

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या संभाजीनगरचा, या शोकाशी संबंध खास आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढलं, पुढच्या वर्षी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली, आणि ते मिलिंद महाविद्यालय झालं. परिसर नागसेनवन. मराठवाड्याच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुलं तिथे शिकली, आणि पुढे दलित साहित्याची पहिली फळी याच आवारातून उभी राहिली. गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघालं.

या मुलांपैकी बहुतेकांनी बाबासाहेबांना जवळून पाहिलं नव्हतं. नंतरच्या पिढ्यांनी तर पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांचं नातं एकतर्फी होतं का? पॅरासोशलच्या सिद्धांतात प्रेक्षक देत असतो, त्याचं लक्ष, त्याची वेळ, त्याचा जीव. आणि समोरच्याला त्याचा पत्ता नसतो. इथे प्रवाह उलटा आहे. समोरच्यानं आधी देऊन ठेवलंय: शाळा, वसतिगृह, घटनेतली कलमं, माणूस म्हणून उभं राहण्याचा हक्क. तुमचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, पण तुम्ही येणार आहात हे ठाऊक होतं, तुमच्यासाठीच इमारत बांधलेली होती. घेणाऱ्याला परतफेड करायची संधी मिळायच्या आत देणारा गेला. ‘बाप’ हा शब्द त्यासाठी वापरला जातो तो उगाच नाही.

मला वाटतं, या सबंध चर्चेत नसलेली संकल्पना ही आहे: ऋण. पाश्चात्त्य अभ्यासात ओळख आहे, ओढ आहे, समूह आहे, स्मृती आहे; देणं लागण्याची जाणीव जवळजवळ नाही. कारण तिथल्या चर्चेच्या मध्यभागी राजकन्या आणि पडद्यावरचे निवेदक आहेत. आपल्या चर्चेच्या मध्यभागी जर १९५६ चा डिसेंबर ठेवला असता, तर पहिला प्रश्न वेगळा असता. ‘तुम्ही त्यांना ओळखत होता का?’ असं कुणी विचारलं नसतं. ‘त्यांच्यामुळे तुमचं काय बदललं?’ असं विचारलं असतं.

याला हरकतही घेता येते. ऋणाची भावना प्रत्येक मोठ्या नेत्याच्या मृत्यूवर बोलून दाखवली जाते, आणि ती खरी कुठे व शिष्टाचार कुठे हे ओळखायचं कसं? शिवाय नट किंवा गायक यांचं ऋण कोणत्या अर्थानं? देशपांड्यांनी मराठवाडी बोलीला मंच दिला, आमची भाषा हसण्यासारखी नसून हसवणारी आहे हे दाखवलं, हे ऋण म्हणायचं की नाही? माझं उत्तर हो असं आहे, पण ते ऋण वसतिगृहाच्या ऋणाएवढं आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. मोजपट्टी अजून कुणी बनवलेली नाही.

धोक्याची बाजू

शोकाचा संसर्ग होतो का, हा प्रश्न नाजूक आहे. डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं की वर्तमानपत्रांत ठळक छापल्या गेलेल्या आत्महत्येनंतर आत्महत्या वाढतात. गटेच्या कादंबरीवरून त्याला ‘वेर्थर परिणाम’ म्हणतात. १९९४ मध्ये गायक कर्ट कोबेन यांच्या आत्महत्येनंतर मात्र सिएटलमध्ये अशी वाढ दिसली नाही, आणि त्याचं श्रेय संयमानं केलेलं वृत्तांकन आणि तातडीनं उपलब्ध केलेल्या मदतीला दिलं गेलं. म्हणजे परिणाम अटळ नाही, बातमी कशी दिली जाते यावर पुष्कळ अवलंबून आहे. भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये आत्महत्येच्या वृत्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पुढच्याच वर्षी १४ जून २०२० रोजी अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला आणि टाळेबंदीत घरात कोंडलेल्या लोकांसमोर तो मृत्यू कित्येक आठवडे दिवसभर चालवला गेला. त्या सूचना पाळल्या गेल्या नाहीत, हे म्हणायला अभ्यासाची गरज नव्हती. घरात शोकाकुल किशोरवयीन मूल असेल तर त्याला ‘वेडा आहेस का’ म्हणून उडवून लावू नये, त्याच्याशी बोलावं, गरज वाटली तर समुपदेशकाकडे न्यावं, याबाबत मात्र सगळ्या बाजूंचे तज्ज्ञ एकमतानं बोलतात.

काय सुटलेलं नाही

मोजमापाचा प्रश्न सुटलेला नाही. जवळजवळ सगळ्या प्रश्नावल्या पाश्चात्त्य विद्यापीठांत, विद्यार्थ्यांवर बेतलेल्या आहेत. कीर्तनात, उरुसात, शाहिरी जलशात घडलेल्या मनाला त्या लागू पडतील असं गृहीत धरलं जातं.

कुणाचा मृत्यू शोक करण्याजोगा ठरतो हाही वाद उभा आहे. ज्युडिथ बटलर यांनी विचारलं की काही आयुष्यं गेल्यावर जग थांबतं आणि काही गेल्याची नोंदही होत नाही, हे का? मराठवाड्यात बसून हा प्रश्न टाळता येत नाही. इथे शेतकऱ्याच्या आत्महत्येला आतल्या पानावर चार ओळी मिळतात. नटासाठी रडणारा शेतकऱ्यासाठी रडत नाही, म्हणून त्याचं रडणं खोटं, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण शोकाचं वाटप माध्यमं करतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आणि एक नवा प्रश्न. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं पुन्हा घडवले, कुटुंबीयांच्या संमतीनं. गेलेला आवाज नवं गाणं म्हणू लागला तर शोक संपतो, लांबतो, की सुरूच होऊ शकत नाही? याचं उत्तर ज्यांच्याकडून मिळेल ते श्रोते आता कुठे घडताहेत.

दरवर्षी ५ डिसेंबरला संभाजीनगरच्या स्टेशनवर दादरला निघालेल्यांची गर्दी असते. देवगिरी, नंदिग्राम, जी मिळेल ती गाडी. पांढरे कपडे, भाकरीचं गाठोडं, कडेवर मूल. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म १९५६ नंतरचा. चैत्यभूमीवर रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, क्षणभर डोकं टेकवायचं, आणि मग शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांत शिरायचं. परतीच्या गाडीत त्या मुलाच्या मांडीवर एखादं पुस्तक असतं, कधीकधी त्याच्या घरातलं पहिलंच.